हा प्रश्न सत्यभामाचा

शाळेतून नाव काढल्याचा कागद अन्वरीनं स्वतःच बापाला वाचून दाखवला. दुसरा इलाज नव्हता. वजीरला मराठी वाचता येत नाही, ही गोष्ट निंबाळखेडात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द वजीरला आणि दुसरी त्याच्या या अकरा वर्षांच्या लेकीला. निदान त्या दोघांची तशी समजूत होती.

शिलाई मशीनच्या शेजारी चिंध्यांच्या ढिगावर मांडी घालून ती बसली आणि रोज धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात वाचू लागली.

"ठराव क्रमांक सात. शाळा तपासणीच्या वेळी इयत्ता पाचवीतील विद्यार्थिनी कुमारी अन्वरी वजीर शेख हिने माननीय तपासणी अधिकाऱ्यांसमोर उद्धट वर्तन करून शाळेची बदनामी केली. सबब तिचे नाव पटावरून कमी करावे, असे सर्वानुमते ठरले."

वजीरचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. दगडोबाच्या जावयाची बंडी सुईखाली अर्धी शिवून अडकून राहिली.

"सर्वानुमते म्हंजे?"

"म्हंजे समद्या पंचांनी मिळून. खाली सह्या हायत. बलभीमराव अध्यक्ष. गोरोबा कुंभार. दगडोबांचा अंगठा." अन्वरी जरा थांबली. "अन् ही तुमची, अब्बा."

वजीरनं कागद हातात घेतला. सही त्याचीच होती. उर्दूतली, लपेटदार, शेवटच्या 'रे'ची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. लहानपणी बापानं, खाजामियाँनी, छडी घेऊन समोर बसून घोटवलेली सही. अख्ख्या शाळा कमिटीत तिच्याइतकी देखणी सही दुसरी नव्हती, आणि तिचाच आज घात झाला होता.

काल, गुरुवारी काय घडलं ते त्याला लख्ख आठवलं. एरवी कमिटीचं रजिस्टर तो आदल्या दिवशी "जरा निवांत बघतो" म्हणून घरी आणायचा. संध्याकाळी अन्वरी मशीनपाशी बसून ते मोठ्यानं वाचायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी अभ्यास करतेय. पाच वर्षं हा कारभार सुरळीत चालला होता. पण गुरुवारची बैठक तातडीची निघाली. वजीर पोचला तेव्हा बाकीच्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या. गुंडप्पा मास्तरांनी रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "शिस्तीचा ठराव हाय, वजीरभाई. तुमी नीट वाचून बगा, मग सही करा."

वजीरनं नीट बघितलं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत नजर फिरवली, कपाळाला दोन आठ्या घातल्या, एकदा पान उलटून परत सुलटं केलं. मग म्हणाला, "बराबर हाय. शिस्त तर पायजेच." आणि सही केली.

"अब्बा, तुमी काहून केली सही?" अन्वरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ते समजून घ्यायचं होतं.

वजीर उठला. टोपी डोक्यावर चढवली, कागद खिशात कोंबला आणि तडक शाळेच्या वाटेला लागला. मास्तरांना काय काय सुनवायचं ते तो चालता चालता जुळवत होता. चांगली चार-पाच वाक्यं तयार झाली होती, तेवढ्यात चावडीपाशी बलभीमरावांनी हाक मारली. बलभीमराव म्हणजे गावचे पाटील आणि कमिटीचे अध्यक्ष. शेजारी गोरोबा कुंभार चिलीम साफ करत बसला होता.

"थांबा वजीरभाई. मानलं तुमाला."

"कशापायी?"

"कशापायी म्हंता? सोताच्या लेकीचं नाव काढायचा ठराव, अन् तुमी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला. म्या बघत होतो. हात कापला न्हाय, डोळ्यात पाणी न्हाय. बराबर हाय म्हणलाव अन् सही ठोकलाव. म्या कालच गोरोबाला म्हणलो, असा न्यायी माणूस निजामाच्या राज्यात बी नव्हता अन् ह्या राज्यात बी गावायचा न्हाय."

"आमचं एवढं काळीज न्हाय बाबा," गोरोबा मान हलवत म्हणाला. "माझी पोरगी असती तर म्या रजिस्टर चुलीत घातलं असतं."

जुळवलेली चार-पाच वाक्यं वजीरच्या घशातच राहिली. आपल्या आळीतून कमिटीवर गेलेला तो एकटाच माणूस. आधी लोक त्याला "टेलर" म्हणायचे. कमिटीवर गेल्यापासून "वजीरभाई" म्हणू लागले. आता तर तो न्यायी ठरला होता. न्यायी माणसाला वाचता येत नाही असं कसं सांगायचं?

"शिस्त म्हंजे शिस्त," तो पुटपुटला आणि आल्या पावली परतला.

घरी रजियाबीनं त्याच्याकडं एकदा बघितलं. तिनं येरमाळ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ दिरासाठी निरोप दिला. त्यानं तो एसटीच्या कंडक्टरला दिला. आणि शनिवारी दुपारी तो निरोप स्वतः वकील होऊन दारात उभा राहिला.

मुनवर वजीरचा भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा. हैदराबादेत शिकून त्यानं तीन वर्षांपूर्वी कळंबला वकिली मांडली होती. येरमाळ्याच्या स्टँडवरून भाड्याची सायकल दामटत तो आला होता. चैत्राच्या उन्हातही अंगात काळा कोट होता, आणि तो वजीरनंच शिवून दिलेला होता. मुनवर शिकत असताना वजीर मशीन चालवत होता. एकाची फी दुसऱ्याच्या पायट्यावरून निघाली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

अंगणातल्या लिंबाखाली चटई पडली. खाजामियाँ आधीच तिथं बसले होते. निजामी अमदानीत तहसील कचेरीसमोर बसून त्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले होते. कचेरीची भाषा पालटली तसा त्यांचा धंदा बसला. आज त्यांनी बोरूची पेटी बाहेर काढली होती, शाई भिजवली होती, आणि नातीवर संकट आलं असूनही त्यांचा चेहरा ईदच्या सकाळसारखा फुलला होता.

"आधी मुलीची जबानी," ते म्हणाले. "जबानीशिवाय अर्ज म्हंजे नमकाशिवाय सालन. बोल बेटी. अदबीनं बोल."

अन्वरी उभी राहिली. "साहेब येणार म्हणून मास्तरांनी आठ जणांना आठ प्रश्न वाटून दिले, दादाजान. एकेकाला एक. सत्यभामाला राजधानी, मला गोदावरी. मास्तर म्हणले, आपापल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, दुसऱ्याच्या प्रश्नात तोंड घालायचं न्हाय. पर साहेब उलट्या बाजूनं सुरू झाले. मला म्हणले, भारताची राजधानी कोणती?"

"मग?" मुनवरनं विचारलं.

"म्या म्हणले, साहेब, हा प्रश्न सत्यभामाचा हाय. माझा गोदावरी कुठं उगम पावती, हा हाय."

मुनवरनं रुमाल तोंडाला लावला.

"साहेब हसले. सत्यभामाला म्हणले, बरं, तू सांग, गोदावरी कुठं उगम पावती? ती म्हणली, ते अन्वरीचं हाय, मला दिल्ली येती. मग साहेबांनी मला विचारलं, बाकीचे प्रश्न कुणाकुणाचे? म्या यादी सांगितली. आठीच्या आठी."

"यादी काहून सांगितलीस?" चुलीपुढून रजियाबीचा आवाज आला. भाकरी थापता थापता ती सगळं ऐकत होती. "जेवढं विचारलं तेवढं बोलावं. पोरीच्या जातीनं इतकं पुढं पुढं करू नये. मास्तराची मान खाली घातलीस."

"साहेबांनी विचारलं, अम्मा. मास्तरच म्हणत्यात, साहेबांनी विचारलं की सांगायचं."

खाजामियाँनी बोरू शाईत बुडवून उर्दूत पहिली ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली. त्यात अन्वरीला "फिदवी", म्हणजे आज्ञाधारक सेवक, म्हटलं होतं आणि शाळा कमिटीला "बंदानवाज", म्हणजे दीनदयाळ.

"अब्बा, हे कुणाला कळणार?" मुनवर म्हणाला. "अर्ज मराठीत पायजे. चार ओळी बास. ज्याला शिक्षा करायची त्याला आधी विचारायला पाहिजे, हे कायद्याचं पहिलं अक्षर. खुन्याला सुद्धा जज्ज विचारतो, बाबा रे, तुला काय म्हणायचंय? हिला कुणी विचारलं? कुणीच न्हाय. मग ठराव रद्द. दाखल्यावर बदनामी असा शेरा पडला तर कळंबची शाळा काय, धाराशिवची सुद्धा घ्यायची न्हाय तिला. पाचवीत शिक्षण संपलं."

"संपलं तर संपलं," रजियाबी म्हणाली, पण तिचा आवाज भाकरीसारखा मध्येच फुगून बसला.

तेवढ्यात दार लोटून सारजाबाई आत आली. सत्यभामाची ही आजी. धिप्पाड, हातात नातीचं मनगट. "रजियाबी, हिकडं बग," म्हणून तिनं सत्यभामाचा चेहरा वर केला. नाकाच्या खाली वाळलेल्या रक्ताचा डाग होता. "तीन दिस. जेवणाच्या सुट्टीत ध्वजाच्या खांबापाशी उभी. ऊन्हात. काल घोळणा फुटला तवा घरी कळलं. तुजी बी हुती संगं पैल्या दोन दिवशी. सांगितलं न्हाय का तुला?"

रजियाबीनं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. लेकीजवळ आली, तिच्या मानेमागचा ओढणीचा पदर बाजूला केला. कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"मुनवरमियाँ," ती सावकाश म्हणाली, "चार ओळी नको. चांगला लांबलचक अर्ज लिव्हा."

मुनवरनं ठरावाचा कागद मागितला. वाचत वाचत तो खाली आला आणि थबकला. "भाईजान, ही सही तुमची हाय."

वजीर लिंबाच्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. आता सांगावं, सगळी घरचीच आहेत, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं समोर बघितलं. धाकटा भाऊ, वकील. ज्याला आपण मशीन चालवून शिकवला तो. त्याच्यापुढं अडाणी ठरायचं?

"वाचून केलीय," तो म्हणाला. "शिस्त पायजे. माझी असो का कुणाची असो."

मुनवर अन्वरीकडं वळला. "तुला ठाऊक होतं?"

अन्वरीनं बापाकडं बघितलं नाही. "मला काय म्हणायचं न्हाय, चाचा," ती म्हणाली आणि सत्यभामाला घेऊन मागच्या दारी गेली.

"म्हंजे उद्या कमिटीपुढं अर्ज मांडताना मला माझ्याच भावासमोर उभं राहावं लागणार," मुनवर म्हणाला.

खाजामियाँनी बोरू पुसून पेटीत ठेवला. "कमाल हाय. पंच आपल्या घरचा, वकील आपल्या घरचा, गुन्हेगार आपल्या घरची. बाहेरचा एकटा मास्तर. ह्याला मुकदमा म्हणावं का दावत?"

त्या संध्याकाळी रजियाबीनं नवऱ्याला जेवायला वाढलं ते पाठ फिरवून. कालवण नेमकं अळणी होतं आणि मीठ मागायची वजीरची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी अर्ज ऐकायला कमिटी बसली. शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. भिंतीशी पंच: मधोमध बलभीमराव, एका अंगाला गोरोबा आणि दगडोबा, दुसऱ्या अंगाला वजीर. समोर गुंडप्पा मास्तर रजिस्टर मांडीवर घेऊन. कोपऱ्यात खाजामियाँ. दारात सारजाबाई आणि रजियाबी. खिडक्यांत पोरांची डोकी भोपळ्यांसारखी एकावर एक रचलेली.

बलभीमरावांनी मुनवरला आपादमस्तक न्याहाळलं. "हितं वकील चालत न्हाय. कमिटीच्या नियमात न्हाय."

"मी पोरीचा चाचा म्हणून आलोय."

"मग काळा कोट?"

"दुसरा कोट न्हाय माझ्याकडं."

बलभीमरावांनी विचार केला. कोटाविषयी नियमात काही नव्हतं. "बोला."

मुनवर मास्तरांसमोर खाली बसला, वर्गात पोरगं बसतं तसा. "मास्तर, तपासणीआधी तुम्ही पोरांना नेमकं काय सांगितलं होतं?"

"तयारी करून घेतली. त्यात गैर काय?"

"गैर काहीच न्हाय. शब्द सांगा."

"प्रत्येकानं आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. दुसऱ्याच्या प्रश्नात तोंड घालू नये."

"अन्वरीनं घातलं?"

मास्तर रजिस्टर चाळू लागले. दगडोबालाच राहवलं नाही. "कुठं घातलं? उलट ती म्हणली की, हा माझा न्हाय म्हणून."

"म्हंजे तिनं तुमचा हुकूम पाळला," मुनवर म्हणाला. "हुकूम पाळला तर नाव काढलं. मोडला असता तर काय, काळं पाणी?"

खिडक्या खिदळल्या. बलभीमरावांच्या मिशीतही हसू आलं. गुंडप्पा मास्तरांनी मात्र रजिस्टर बाजूला ठेवलं.

"हसा," ते म्हणाले. "सव्वाशे पोरं. मास्तर दोन, त्यातला एक दोन महिने आजारी. पाच वर्ग म्या एकटा बघतो. एका वर्गात पाढे लावतो अन् दुसऱ्यात शुद्धलेखन. साहेब आठ दिवसांत येणार म्हणून चिठ्ठी आली. आठ दिवसांत एका पोराचा एक प्रश्न पाठ होतो, आठ होत न्हाईत. साहेबांनी शेरेबुकात काय लिव्हलंय ठाऊक हाय? 'पाठांतर उत्तम, शिक्षण शून्य.' उद्या मान्यता गेली तर एकीचं न्हाय, सव्वाशेंची नावं पटावरून जातील. मला झोप न्हाय आली चार रात्री. राग आला, कुणावर तरी निघाला."

आता कुणी हसलं नाही. वजीरला वाटलं, हा माणूस पाच वर्षं आपल्या शेजारी बसतो आणि आपण एकदाही विचारलं नाही, मास्तर, तुमचं कसं काय चाललंय.

मुनवर हलकेच म्हणाला, "मास्तर, ही तुमची बाजू झाली. तुम्ही सांगितली, आम्ही ऐकली, अन् ऐकल्यावर आमचा अर्धा राग गेला. पोरीची बाजू कुणी ऐकली? ठरावाआधी तिला बोलावलं? घरी कळवलं? उन्हात उभं करताना विचारलं, का गं, असं का बोललीस?"

"घरी काय कळवायचं?" मास्तर सावरून बसले. "बाप हितंच बसला व्हता. रजिस्टर सोताच्या हातानं घेतलं, वाचलं, सही केली. बापाला शिक्षा मंजूर हाय. मग चाचा कोण लागून गेला?"

"हा मुद्दा हाय," बलभीमराव म्हणाले. सगळ्या माना वजीरकडं वळल्या. मुनवरची सुद्धा.

बलभीमरावांनी अन्वरीला पुढं बोलावलं. "पोरी, तुझा बाप न्यायी माणूस. वाचूनच सही केली न्हवं त्यानं?"

अन्वरी सतरंजीच्या कडेला उभी होती. इन्स्पेक्टरांसमोर जिची जीभ अडखळली नव्हती ती पोरगी आता पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा धागा उकलत होती. मग तिनं मान वर केली.

"व्हय. वाचून केली. माझ्या अब्बाला समदं वाचता येतं."

शेवटचं वाक्य तिला कुणी विचारलं नव्हतं.

वजीरच्या कानशिलात ऊन शिरल्यासारखं झालं. बापाचं नाव जाऊ नये म्हणून ही शाळेतलं स्वतःचं नाव घालवायला निघाली. साऱ्या शाळेत खरं बोलली म्हणून जिचं नाव गेलं ती एकच पोर, आणि तिला खोटं बोलायला लावलं ते बापानं. तो उठून उभा राहिला.

"ती खोटं बोलायली," तो म्हणाला. "मला मराठी वाचता येत न्हाय. उर्दू चौथी झालो. मग राज्य बदललं, कागद बदलले, म्या हाय तिथंच राहिलो. पाच वर्षं तुमच्यात बसून नुसते डोळे फिरवले."

"उजवीकडून डावीकडं," बलभीमराव एकदम म्हणाले. "तरीच. म्या म्हणायचो, हा माणूस उलट्या बाजूनं का वाचतोय, काय भानगड हाय."

"गुरुवारी काय लिव्हलंय ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सही केली नसती. अन् न्यायी तर म्या मुळीच न्हाय. लेकीपायी म्या रजिस्टर चुलीत घातलं असतं."

मग जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. दगडोबानं वजीरचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बस रं. माझा तर अंगठाच हाय. मला वाटलं, पाण्याच्या रांजणाचा ठराव हाय. म्या रांजण मागून दोन महिने झाले."

गोरोबा कुंभार खाकरला. "मला सही येती. पर सहीच येती. पोरानं तेवढी शिकवली."

सगळ्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. बलभीमरावांनी मिशीवर हात फिरवला, छताकडं बघितलं. "आता माझं म्हणाल तर," ते म्हणाले, "चष्मा फुटून तीन महिने झाले. धाराशिवला जाणं होईना."

गुंडप्पा मास्तरांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे हा ठराव म्या एकट्यानंच लिव्हला, अन् एकट्यानंच वाचला?"

"सर्वानुमते," मुनवर म्हणाला.

आधी सारजाबाई हसली, मग खिडक्या, मग पंच, आणि शेवटी मास्तरही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, रजिस्टर उघडलं आणि ठराव सातवर आडवी रेघ मारली. मग अन्वरी आणि सत्यभामा या दोघींना जवळ बोलावलं. "पोरींनो, उन्हाचं माझं चुकलं," एवढं ते शेवटी म्हणाले. सत्यभामानं मान डोलावली आणि घोळणा परत फुटेल म्हणून लगेच नाक झाकून घेतलं.

नवा ठराव लिहायला मात्र दुपार झाली. मुनवरनं "चौकशी निःपक्षपातीपणे व्हावी" असं सांगितलं. गोरोबानं विचारलं, म्हंजे काय? मुनवर समजावू लागला आणि स्वतःच गुंतला. खाजामियाँ म्हणाले, "बिला रू-रियायत लिहा." ते तर मास्तरांनाही कळलं नाही. अखेर दगडोबा वैतागला. "आधी दोन्ही बाजू ऐका, असं सरळ लिव्हा की."

तसंच लिहिलं गेलं. कुणाही पोराला शिक्षा करण्याआधी पोराला विचारायचं, मग आईबापाला कळवायचं, मग ठरवायचं. नाव काढायचं तर पंचांसमोर पोराला बोलू द्यायचं. दारातून सारजाबाईनं बजावलं, "त्यात उन्हाचं बी घाला." उन्हाचंही घातलं. मास्तरांनी विचारलं, मग शिस्त कशी ठेवू, एकटा माणूस? तेव्हा खाजामियाँनी गळा साफ करून जाहीर केलं की, रोज तासभर ते स्वतः पाढे घ्यायला येतील. आकडे कुठल्याही राज्यात सारखेच असतात.

"अब्बा," वजीर म्हणाला, "छडी घरी ठेवून."

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं."

सह्यांआधी दगडोबानं ठराव मास्तरांकडून तीनदा वाचून घेतला. वजीरनंही ऐकला, आणि मग आपली लपेटदार सही केली. बाहेर पडताना रजियाबी त्याच्या शेजारून चालली. पदरात तोंड लपवून म्हणाली, "पाच सालापासून ठाऊक होतं मला. कळंबचा पेपर उलटा धरून बसणारा नवरा बायकोला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी खुशीत होताव," ती म्हणाली आणि सारजाबाईबरोबर पुढं निघून गेली.

मागं राहिले वजीर आणि अन्वरी. त्यांच्याही मागं सायकल ढकलत मुनवर.

"अब्बा," अन्वरी म्हणाली, "म्या आज पंचांसमोर खोटं बोलले."

"हौ. बोललीस."

"मग माझी शिक्षा?"

वजीरनं चालणं हळू केलं. "आधी तुझी बाजू ऐकली पायजे. आताच ठरलंय. सांग, काय तुझी बाजू?"

अन्वरीनं खरोखरच विचार केला. धुळीतून चप्पल फरफटवत ती दहा-बारा पावलं चालली.

"माझी बाजू तुमचीच होती, अब्बा."

वजीरनं टोपी काढली, झटकली, परत घातली. मागून मुनवर म्हणाला, "मग भाईजान? निकाल काय?"

"निकाल राखून ठेवलाय," वजीर म्हणाला आणि दोन पावलं पुढं झाला, त्या दोघांना त्याचं तोंड दिसू नये म्हणून.